अंडाशय, बीजांडकोश की अंडकोश? आणि ऑन्कोफर्टिलिटीला काय म्हणावं?

अमेरिकन प्रजननशास्त्रज्ञ टेरेसा वुडरफ यांचा परिचय मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. 'ओव्हरी'साठी अंडाशय, बीजांडकोश, अंडकोश यांतला कोणता शब्द घ्यावा? आणि कर्करुग्णांची प्रजननक्षमता जपण्याच्या शास्त्रासाठी वुडरफ यांनी घडवलेल्या 'ऑन्कोफर्टिलिटी' या शब्दाला 'कर्करोगोत्तर प्रजनन' चालेल का?

पहिल्याचं उत्तर अंडाशय. अंडकोश नकोच. काही लेखनात तो ओव्हरीसाठी आढळतो, पण आज तो ऐकल्यावर कोणाच्याही डोळ्यांसमोर पुरुषाचा अवयव येतो. बीजांडकोश स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मराठी लेखांत चांगला रुळला आहे, त्याला चूक म्हणता येणार नाही. अडचण एवढीच की वनस्पतिशास्त्रात बीजांड म्हणजे फुलाच्या अंडाशयातला तो भाग, ज्याचं पुढे बी होतं. स्त्रीच्या बाबतीत अंडपेशी, अंडनलिका, अंडाशय ही एका घरातली नावं आहेत, ती एकत्र ठेवली की वाचक अडखळत नाही.

हे मी आग्रहानं सांगते, कारण रोजच्या बोलण्यात आधीच गोंधळ आहे. 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढलं. त्या शस्त्रक्रियेत अंडाशयं दर वेळी काढतातच असं नाही, ती पुष्कळदा ठेवली जातात. पण 'आता पिशवीच नाही, मग मला कसला कॅन्सर' असं मानणाऱ्या बायका आहेत. अंडाशयाचा कर्करोग तसाही पोट फुगणं, लवकर पोट भरल्यासारखं वाटणं अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींआड लपतो. दोन अवयवांना दोन स्वच्छ नावं हवीतच.

वुडरफ यांचं काम अंडाशयाच्या आतलं आहे, म्हणून 'पुटिका' हा शब्दही परिचयात हवा. अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या पेशी मिळून जी बारीकशी रचना होते, ती पुटिका. संशोधनाच्या सुरुवातीला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केली मेयो यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी इन्हिबिन या संप्रेरकाच्या जनुकांचा अभ्यास केला. उंदरांच्या पुटिकांमध्ये या जनुकांचं काम प्रजननचक्राबरोबर कसं कमीजास्त होतं, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुटिकांना वाढवणारं जे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून येतं, त्याला इन्हिबिन आवर घालतं. अंडाशयाच्या एका विरळ कर्करोगात, पुटिकेतल्या अंडपेशीभोवतीच्या पेशींपासून होणाऱ्या गाठीत, रक्तातलं इन्हिबिन वाढतं आणि उपचारानंतर गाठ परतली का हे पाहायला ते मोजतात. इन्हिबिनचं भाषांतर करू नका. 'निरोधक' म्हटलं तर ते संततिनिरोधक औषध वाटेल.

आता दुसरा प्रश्न. 'कर्करोगोत्तर' चालणार नाही, कारण या विषयाचा सगळा जोर उपचाराच्या आधीच्या दिवसांवर आहे. केमोथेरपी आणि किरणोपचार पुटिका नष्ट करू शकतात, म्हणून अंडपेशी, भ्रूण किंवा अंडाशयाच्या ऊतीचे तुकडे आधीच गोठवून ठेवतात. वुडरफ यांनी २००६ मध्ये हा शब्द काढला तो कर्करोगतज्ज्ञ आणि प्रजननतज्ज्ञ यांना एका टेबलाशी आणण्यासाठी. आणखी एक गैरसमज परिचयात येऊ देऊ नका: ऑन्कोफर्टिलिटी म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगाचा उपचार नव्हे. रक्ताचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या तरुणी, लहान मुली, पुरुष, सगळे यात येतात. रक्ताच्या कर्करोगात तर गोठवलेली ऊती परत बसवताना तिच्यातून कर्कपेशीही परत जाण्याची भीती असते. म्हणून वुडरफ आणि लॉनी शे यांनी समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या जेलमध्ये पुटिका शरीराबाहेर वाढवण्याची वाट धरली. त्या पद्धतीनं उंदरांना जिवंत, पुढे प्रजननक्षम पिल्लं झाली.

माझी शिफारस अशी: पहिल्यांदा 'ऑन्कोफर्टिलिटी, म्हणजे कर्करुग्णांची प्रजननक्षमता जपण्याचं शास्त्र' असं लिहा, पुढे नुसतं ऑन्कोफर्टिलिटी. सुटसुटीत मराठी शब्द हवाच असेल तर 'कर्करुग्ण-प्रजननरक्षण' बरा, त्यात आधी-नंतरचा घोळ नाही. 'वंध्यत्व निवारण' मात्र टाळा. हे रुग्ण उपचाराआधी वंध्य नसतात.