जिताड्यासाठी गळ: स्वस्त की महाग?

खाडीत जिताडा धरायचाय ना, मग सगळेच गळ महागडे घेऊ नकोस. दगडात, कांदळवनात सुरुवातीला बरेच तुटणार. सरावाला नि लहान माशांना स्वस्त चालतात. जिताड्याला मात्र नकोत. तो उसळून डोकं झटकतो तेव्हा बारीक तारेचा गळ सरळच होतो. मुस्ताद किंवा ओनर कंपनीचे जाड तारेचे, 3/0 ते 5/0 मापाचे पाचसहा पुरेत. (3 आणि 3/0 एक नव्हे, 3/0 बराच मोठा असतो; दुकानात नीट सांग.)

- टोक नखावर टेकव. घसरलं तर बोथट, मग किंमत काहीही असो.
- आमिषाच्या लहान जिवंत कोळंबीला 5/0 लावू नकोस, लगेच मरते.
- घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सुकव. ओला गळ डब्यात टाकलास तर बाकीचेही गंजतात.

स्वस्त लुअर (माशासारखं दिसणारं नकली आमिष) घेतलंस तर त्याचे तिहेरी गळ आधी बदल. गळ बांधायच्या गाठींचं नंतर बघू.