कुंकू लाल का असतं? घरी करता येतं का? आणि लाल रंग फक्त आपल्याकडेच शुभ मानतात का?

हळदीमुळे. कुंकू हळदीचंच असतं, निदान असायला हवं. शर्टावर वरण सांडलं आणि त्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, बघितलंच असेल, हळदीतल्या करक्युमिनला, म्हणजे तिच्या पिवळ्या रंगद्रव्याला, खार लागला की असं होतं. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लाल होतो तेही त्यामुळेच. पण नुसत्या चुन्याचा रंग टिकत नाही, लिंबू पिळलं की परत पिवळा, म्हणून जुन्या बायका टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घालायच्या. टाकणखारातलं बोरॉन करक्युमिनशी जोडलं जातं आणि वाळताना रंग गडद लाल होतो.

माझी आजी असं कुंकू करायची. अख्खी हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजवायची, रोज हलवायची, रस पूर्ण जिरला की सावलीत वाळवायची, मग कुटून वस्त्रगाळ. शेवटी किंचित तिळाचं तेल चोळायची, त्याने ते कपाळाला धरतं. प्रमाण हळदीवर ठरतं, ती डोळ्यानेच ठरवायची. संक्रांत आली की आळीतल्या बायका आपापले करंडे घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या आणि आजी चाळण घेऊन बसायची, बोटं नखांपर्यंत लाल आणि कपाळ रिकामं. आजोबा तिच्या चाळिशीच्या आतच गेले होते. आणि आमच्याच घरी हळदीकुंकू असलं की तिला मागच्या खोलीत बसवायचे, वाण नाही, तिळगूळसुद्धा नंतर कुणीतरी आत नेऊन द्यायचं.

कॉलेजात असताना मी मोठ्या काकूला सरळ विचारलं, काकू, कुंकू तिच्या हातचं चालतं मग ती का नाही चालत? काकू म्हणाली, "चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस, रीत आहे ती." बाबा तिथेच होते, काही बोलले नाहीत. आजी मलाच म्हणाली, जाऊ दे गं, सणाचा दिवस आहे. मला ते आजही जात नाही. पुढे बाबा गेले तेव्हा आईची टिकली काढायला बायका पुढे आल्या, मी हात धरला. तेव्हापासून काकू माझ्याशी तोंडदेखलं बोलते, बोलू दे. कुंकू नवऱ्याचं नसतं, बाईचं असतं, ती लग्नाआधीही लावते की! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. एक गाव करू शकतं तर आमच्या घराला काय धाड भरली होती?

तुमचा तिसरा प्रश्न, नाही, फक्त आपल्याकडेच नाही. चीनमध्ये नवरी लाल नेसते, नववर्षाला पैसे लाल पाकिटात देतात, आणि पांढरा तिकडे सुतकाचा. युरोपात नवरीचा पांढरा झगा रूढ झाला तो व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात घातला त्यानंतर, त्याआधी तिकडेही रंगीत झगे चालायचे, लालसुद्धा. म्हणजे रंगाचं शुभ-अशुभ माणसांनी ठरवलेलं आहे, हे काकूला कुणीतरी सांगा.

घरी करणार असाल तर जरूर करा, आणि पहिलं बोट घरातल्या, शेजारच्या ज्या बाईला कुणी लावत नाही तिला लावा. तिला नको असेल तर मात्र जबरदस्ती करू नका, माझी एक मावशी स्वतःहून लावत नाही आणि तो तिचा प्रश्न आहे.

बाजारातलं स्वस्त, फार भडक कुंकू बहुतेक वेळा नुसता रंग असतो, ते घेऊ नका. मारुतीचा शेंदूर कपाळाला अजिबात नको, खऱ्या शेंदरात शिसं असतं. चिकटणाऱ्या टिकल्यांच्या गोंदामुळे काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, तसं दिसलं तर टिकली लगेच बंद करून डॉक्टरला दाखवा. घरचं कुंकूही सगळ्यांना सोसतं असं नाही, टाकणखाराने खाज येऊ शकते, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, आणि लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.