गाठ ‘कॅल्सिफाइड’ झाली म्हणून गोळ्या बंद करू नका, ताई

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बहीण 24 वर्षांची, मेंदूत जंताची एकच गाठ, आठ महिन्यांत फीट नाही, नव्या स्कॅनमध्ये ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ (चुना साचून कडक झालेली गाठ) लिहिलंय, पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. म्हणून परवापासून लेव्हेटिरॅसिटाम या फिटच्या औषधाची सकाळची गोळी घरीच बंद केलीय, आता रात्रीचीही करावी का, असं विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं अगदी असंच झालं होतं, तेही बोलणी चालू असतानाच. म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. भावाच्या फायली सांभाळत जे शिकलो तेवढंच सांगतो.

भाऊ कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. पहिली फीट घरी आली, जेवताना. आधी उजवा हात झटके देऊ लागला, मग सगळं अंग. शेजारच्यांनी कांदा आणि चप्पल हुंगवायला आणली. (तुमच्याकडे कधी वेळ आलीच तर त्यातलं काही करू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.) अल्बेंडाझोल (जंताचं औषध) आणि स्टेरॉइडचा कोर्स झाला, फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिन्यांनी दुसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट हातात आला. त्यात तोच शब्द होता, कॅल्सिफाइड.

आम्ही घरी बसून त्याचा अर्थ लावला. चुना झाला म्हणजे किडा मेला आणि आजार संपला. ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानंही मान डोलावली. डॉक्टरांची तारीख तीन आठवडे लांब होती आणि लग्न ठरत आलं होतं. आई म्हणाली, गोळ्यांची पाकिटं पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत. मी मोठा भाऊ, रिपोर्ट वाचणारा घरात मी एकटा. मीच म्हणालो, कर बंद. एका दिवसात दोन्ही वेळच्या गोळ्या थांबवल्या.

एकोणिसाव्या दिवशी तो वडिलांना मागं बसवून तावडे हॉटेलजवळून गाडी चालवत होता आणि तिथंच फीट आली. भाऊ खरचटण्यावर निभावला. वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ते आजही काठीशिवाय चालत नाहीत. ती फीट किड्यामुळं आली नव्हती, माझ्या निर्णयामुळं आली. हे लिहायला जड जातं, पण तुम्ही परवा जे केलंत ते वाचल्यावर गप्प बसवेना.

नंतर न्यूरोच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. किडा मेला तरी त्या जागी चुन्याचा खडा आणि व्रण राहतो. त्याच्याभोवती अधूनमधून सूज येऊ शकते आणि फीट तिथूनच सुरू होते. जंताचं औषध किड्यासाठी असतं. फिटच्या गोळ्या फीट दाबून ठेवतात, त्यांचा हिशेब वेगळा. म्हणून ‘कॅल्सिफाइड’ला आम्ही जे बरं झाल्याचं सर्टिफिकेट समजलो, ते उलट जास्त सावध राहायचं कारण होतं. 2017 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे. एकच गाठ होती, ती पूर्ण विरघळली आणि 6 महिने फीट नाही, तर गोळ्या कमी करायचा विचार करता येतो. पण कॅल्शियम उरलं असेल, दोनहून जास्त फीट येऊन गेल्या असतील किंवा गोळ्या चालू असतानाही फीट आली असेल, तर तो हिशेब लागू होत नाही. आणि कमी करायच्या त्याही डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्यानं. माझं मत विचाराल तर बहिणीच्या रिपोर्टमध्ये तो शब्द आहे तोवर घरच्यांनी गोळ्यांना हातच लावू नये. खडा नक्की आहे का हे सीटीत एमआरआयपेक्षा स्पष्ट दिसतं, तेवढं विचारून घ्या.

पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, “आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मग हे आलं कुठून?” आमच्याही घरी यावरून फार रडारड झाली. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात मोठा फीतकृमी होतो. मेंदूत जातात ती त्या कृमीच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. मैल्याचं पाणी लागलेली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, किंवा पोटात कृमी असलेल्या माणसाचे न धुतलेले हात, एवढं पुरे. न्यूयॉर्कमध्ये डुकराला शिवतही नाहीत अशा ज्यू कुटुंबांत हे सापडलं होतं आणि 1992 मध्ये त्यावर लेख आला. रोख घरकामाला असलेल्या बायकांकडे गेला, त्यांतल्या एकीच्या पोटात कृमी सापडला. तेव्हा बहिणीनं चोरून काही खाल्लं का, असं घरात कुणालाही विचारू देऊ नका. आमच्या काकूनं भावाला विचारलं होतं, त्याला ते अजून लागून आहे. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी मात्र करून घ्या. जंताच्या गोळ्या आणून आपल्या मनानं सगळ्यांना वाटू नका. कुणाच्या डोक्यात न कळलेल्या गाठी असतील तर औषधानं सूज येऊन फीट येऊ शकते.

आता लग्नाचं. लपवू नका. आमची सोयरीक मोडली ती आजारामुळं नाही. मुलीचे वडील दवाखान्यात वडिलांना बघायला आले आणि एवढंच म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो.” हिंदू विवाह कायद्यात पूर्वी वारंवार येणारी आकडी विवाहाच्या आड येत होती. 1999 मध्ये तो शब्दच काढून टाकला, हे सासरकडच्या मोठ्या माणसांना सांगता येतं. भावाचं पुढं दुसरीकडं ठरलं. पहिल्याच भेटीत आम्ही फाइल समोर ठेवली. आता त्याच्या रात्रीच्या गोळीची आठवण वहिनीच करते.

बहिणीचं लग्न ठरतंय हे डॉक्टरांनाही सांगा. औषध कधी बदलायची वेळ आली आणि व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाचं नाव निघालं तर गरोदरपणाचा विषय तिथंच काढा, ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. आणि ती गाडी चालवत असेल तर चावी सध्या तुमच्याकडे ठेवा.

जाताना जुन्या आणि नव्या स्कॅनची सीडी न्या, नुसता कागद नको. आम्ही पहिली सीडी मागायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसानं तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा सांगितलं की डेटा काढून टाकला. दोन फिल्म शेजारी लावून बघता आल्या असत्या तर गाठ विरघळली नाही, खडा झालीय, हे आम्हाला कुणीतरी वेळेत दाखवलं असतं.

पण हे सगळं उद्याचं. आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा, दोन दिवस सकाळची गोळी चुकलीय हे लपवू नका, सरळ सांगा आणि पुढं कशी द्यायची ते विचारा. फोन लागेपर्यंत रात्रीची गोळी चालू आहे ती चालूच ठेवा. काय म्हणाले ते इथं लिहा, मी बघतोय.