बाबांचा नाद आणि मोडलेली एफडी

"मॅडम, या वयात हे बरं दिसतं का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे निवृत्त वडिलांची तक्रार घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. या मुलानंही तशीच केली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडील ६८ वर्षांचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं. कॅमेरा कुणी शिकवला नाही. सेकंडहँड अ‍ॅग्फा क्लिक थ्री घेतला आणि रोल वाया घालवत शिकले. खासबागेतल्या कुस्त्या, जोतिबाचा गुलाल, रंकाळ्याची पहाट. आता एफडी मोडून लेन्स आणली, तीही घरात न सांगता.

"पैशाचं सोडा ओ," मुलगा थोड्या वेळानं म्हणाला. "१ फेब्रुवारीला माझ्या पोराचा वाढदिवस. हे दरवर्षी महाद्वार रोडला!"

अंबाबाईचा किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत मूर्तीपर्यंत जातात. वडिलांना त्या वेळचा रस्त्यावरचा उजेड हवा असतो. नातवानं जन्मायची तारीखच चुकवली म्हणायची.

पुढच्या वेळी वडील आले ते तयारीनंच. "सिनेमावाले बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते? कॅमेरा स्वतः बनवला त्यांनी, इथंच!" मला हसू आलं. माणूस खरं तेच बोलत होता.

नाद किती तास चालतो, हे मी मोजत नाही. रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं २००३ मध्ये नादाचे दोन प्रकार मांडले. एक आयुष्यातल्या बाकी गोष्टींशी जुळवून घेतो, दुसरा माणसालाच ओढून नेतो. एक दिवस जाता आलं नाही तर घर डोक्यावर घेता का? उसनवारी? दोन्हीला नाही. मग लपवाछपवी? त्यावर गप्प. एफडीत बायकोचंही म्हातारपण होतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तिथं मी मुलाच्या बाजूनं होते.

मग विचारलं, "सूर्य मावळल्यावर किरणं संपतात. केक रात्री आठला. मधल्या वेळात कुठं होता?"

"मित्राच्या दुकानात. फोटो बघत."

"घरी का नाही?"

"घरात कोण बघतंय?"

मुलगा खाली बघत होता. शेवटचा फोटो कधी बघितला, हे त्यालाही आठवेना. तो खर्चावर भांडत होता, पण दुखत होतं ते बाबा घरात नसल्याचं. आणि बाबा घरात नव्हते, कारण दाखवायला कुणी नव्हतं.

पेन्शनमधली ठरावीक रक्कम कॅमेऱ्याच्या वेगळ्या खात्यात, त्यापलीकडे काही घ्यायचं तर आईला विचारून, हे पटकन मिटलं. रविवारी जेवणानंतर घरच्यांना फोटो दाखवायचे, फक्त दहा, असं मी सुचवलं, तिथं मात्र ते अडले. दहा का? मोबाईलवर दीडशे दाखवले की तिसऱ्या मिनिटाला सगळे उठतात, म्हणून.

"मग बारा तरी करा," ते म्हणाले. "क्लिक थ्रीच्या एका रोलवर बाराच यायचे."

बारा ठरले.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन. आवाजात तीच तक्रार. "मॅडम, आता पोराला पहाटे पाचला उठवून रंकाळ्यावर नेतात. शाळा असते ओ त्याची!"

म्हटलं, शनिवारी या. येताना नातवालाही आणा.