घोरतोय म्हणून झोपू देऊ नका

पत्र थोडक्यात: "माझा दीर २६ वर्षांचा. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉलच्या गोळ्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) आणि वर झोप आणणारी अल्प्राझोलाम. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच घरी आलाय. मागच्या आठवड्यात रात्री विचित्र घोरत होता, ओठ काळेनिळे. सासूबाई म्हणाल्या, 'दमलाय, झोपू दे.' मी तोंडावर पाणी मारलं, लिंबाचं लोणचं चाटवलं. तासाभरानं डोळे उघडले. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं असं कळलं, पण मामंजी म्हणतात, ते घरात आणलं की त्याला रान मोकळं. काय करू? – एक वहिनी, राजारामपुरी"

वहिनी, दीर वाचला तो लोणच्यानं नव्हे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. तो नशिबानं वाचला.

या गोळ्या मेंदूची श्वास घ्यायची आठवणच मंदावतात. जीभ मागे पडते, घसा अर्धा बुजतो, त्याची ती घरघर. हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांचे सांधे जोरात घासा. तरी हालचाल नाही, श्वास मिनिटाला दहा-बाराच्या खाली, नखं काळसर, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, यातलं थोडंफार जरी दिसलं तरी १०८ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. 'श्वास घेत नाही' एवढं आधी सांगा.

गाडी येईपर्यंत काम तुमचंच. उताणा झोपवा, तोंडात काही असेल तर काढा, कपाळ मागे आणि हनुवटी वर. नाक दाबून तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. छाती वर आली तरच तो आत गेला. नाडीच लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, फोनवरचा माणूस सांगत राहील.

आता ते इंजेक्शन. नॅलोक्सोन म्हणजे अफूच्या जातीच्या गोळ्यांवरचा उतारा. एक मिलीच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत, ०.४ मिलिग्रॅम असतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन अँप्यूल, दोन मिलीच्या सिरिंज आणि २३ नंबरच्या सुया आणून एका डब्यात ठेवा. उजेड आणि उष्णता लागू देऊ नका, मुदतीची तारीख झाकणावर लिहा. टिचकी मारून औषध खाली आणायचं, ठिपका आपल्याकडे ठेवून रुमालानं कुपीची मान मागे मोडायची. सगळं ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, सुई सरळ. पँट काढत बसू नका, कापडातून चालतं. मग पुन्हा श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरं. चिठ्ठी घेताना नर्सकडून हे एकदा हातानं करून घ्या, रात्री दोन वाजता काच मोडायला शिकता येत नाही.

अल्प्राझोलामवर किंवा दारूवर नॅलोक्सोन चालत नाही. त्यामुळे तो जागा झाला नाही तरी घाबरू नका. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे. ट्रॅमाडॉलनं फिट येऊ शकते, तीही या इंजेक्शननं थांबत नाही. तेव्हा चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं काही नको, कुशीवरच ठेवा.

शुद्धीवर आला की उलट्या, थरथर, चिडचिड होईल आणि 'मी ठीक आहे' म्हणून निघायला बघेल. जाऊ देऊ नका. नॅलोक्सोनचा जोर अर्धा ते दीड तास, 'एसआर' लिहिलेल्या, म्हणजे औषध सावकाश सोडणाऱ्या गोळीचा त्याहून कितीतरी जास्त. इंजेक्शन उतरलं की श्वास पुन्हा मंदावू शकतो. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात न्यायचंच. तिथं पोलिसांत नोंद होऊ शकते, ती भीती धरून घरी थांबू नका.

मामंजींना सांगा, या औषधानं नशा चढत नाही, चढलेली उतरते, तीही इतकी वाईट की मौजेसाठी कुणी घेणार नाही.

खरा धोका आत्ताचा आहे. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडली, डोक्यात मात्र जुनाच हिशेब: चार गोळ्या तर चार. केंद्रातून, तुरुंगातून किंवा लांबलेल्या आजारपणातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सगळ्यात वाईट. त्याला तोंडावर सांगा: घसरलास तर एकटा नको, जुना डोस नको, दारू आणि झोपेची गोळी सोबत नको. हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण शपथा घालून माणूस लपून घेतो आणि लपून घेणाराच बाथरूममध्ये सापडतो. त्या बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडेल अशी बसवा.

नुसतं बंद करून टिकत नसेल तर मानसोपचार विभागात ब्युप्रेनॉर्फिनबद्दल विचारा. अफूच्याच जातीची, पण उपचाराची, जिभेखाली ठेवायची गोळी, रोज, महिनोन्‌महिने. 'एक सोडून दुसरं' असा टोमणा घरात निघेल, पण ती चालू असेपर्यंत मरणाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६.

आणि सासूबाईंना एकदा समोर बसवून हनुवटी उचलायला शिकवा. त्या रात्री घरघर पहिली त्यांनीच ऐकली होती.