हाडाचा कॅन्सर म्हणून सांगितलं तर चालेल का?

स्तनाचा कॅन्सर झालेले पुरुष माझ्याकडे क्वचितच येतात. स्तनांच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादाच पुरुष, तोही बहुतेक साठीच्या आसपासचा. पण जो येतो, तो लोकांना काय सांगायचं हे हमखास विचारतो.

नागपुरातल्या नंदनवनच्या एका काकांनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. स्तनाच्या बोंडामागे गाठ होती, दुखत नव्हती, म्हणून वर्षभर अंगावर काढली. शर्टाला डाग पडायला लागले तेव्हा दाखवलं. तोवर आजार मणक्यात उतरला होता. "सगळ्यांले हाडाचा कॅन्सर म्हणून सांगून राहिलो, मॅडम. बायकांचा रोग म्हटलं तर लोक हासतीन. अन् पोरगी लग्नाची हाये."

काकूंनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली. वर जीवनसत्त्वाचं लेबल, आत टॅमोक्सिफेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची गोळी. ओळखीच्या मेडिकलवाल्याने "हे तर लेडीजचं औषध" म्हटल्यापासून काका गोळ्या डबीत ओतून पाकीट जाळून टाकत. मधूनमधून गोळी चुकतही होती.

तेव्हा आम्ही आधी गोळीचं बोललो. पुरुषांच्या छातीतही थोडी स्तनाची ऊती असते, गाठ तिथूनच येते. मणक्यात गेलेल्या पेशीही स्तनाच्याच, त्यामुळे औषधही त्याचंच चालतं. पुरुषांमधल्या दहापैकी नऊ गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर वाढतात आणि ही गोळी तो मार्ग अडवते. पसरलेला आजार मुळातून जात नाही, पण बराच काळ आटोक्यात ठेवता येतो. अंगातून गरम वाफा निघणं, लैंगिक इच्छा कमी होणं हे त्रास होऊ शकतात, ते डॉक्टरांना सांगायचे. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. ऐकताना काका खाली बघत होते. इच्छेचं काकूंसमोर बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं असावं, मला नाही वाटलं.

मग लोकांचं. शेजाऱ्यांना हाड सांगा नाहीतर काहीच सांगू नका, तो तुमचा प्रश्न. सख्ख्यांना मात्र खरं नाव कळायलाच हवं. पुरुषाला हा कॅन्सर झाला की बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवतात, साध्या रक्तावर होते. या जनुकांत दोष असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दोष निघाला तर प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी. भावाबहिणींनाही तपासावं लागतं. काकांची धाकटी बहीण उमरेडला. भावाला हाडाचा कॅन्सर आहे असं ऐकून ती कशाला स्वतःची तपासणी करून घेईल?

लग्नाच्या काळजीवर माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. स्थळं बिचकतात, हे खरं आहे. पण मुलीला आपली जोखीम कळली तर वेळेत तपासण्या सुरू करता येतात. लग्नासाठी ती अंधारात राहावी, हे मला पटत नाही आणि तसं मी म्हटलं.

रिपोर्टमध्ये बीआरसीए-२ चा दोष निघाला. बहिणीला फोन काकूंनी लावला. तिच्यातही तो आहे. मॅमोग्राफी, एमआरआय झालं, सध्या गाठ नाही. मुलीने रक्त दिलंय, रिपोर्ट यायचा आहे. मुलगा मात्र टाळतोय. या दोषाने प्रोस्टेटच्या कॅन्सरचाही धोका वाढतो म्हटल्यावर फोन घेणंच बंद केलंय त्याने.