पारंपरिक कुंग फू जास्त सुंदर की आधुनिक वूशू?

तुम्ही विचारलंय की पारंपरिक चिनी युद्धकला जास्त सुंदर की आजचं स्पर्धेतलं वूशू, आणि वूशू म्हणजे नुसतं जिम्नॅस्टिक्स हे खरं का.

मी वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षं हेनान प्रांतात, झेंगझोऊला होतो. तिथून ह्वांग हो नदी ओलांडली की वन तालुक्यात चेनजियागौ हे गाव लागतं. चेन घराण्याची ताईची ही युद्धकला तिथली. हॉस्टेलजवळच्या बागेत एक निवृत्त गृहस्थ रोज पहाटे ती करायचे. सगळे त्यांना शिफू, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, मीही म्हणू लागलो. तेव्हा माझा ओढा कुठे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

या ताईचीत 'जिनगांग दाओदुई' नावाची एक हालचाल आहे. जिनगांग म्हणजे वज्रधारी, बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेला रक्षक. दाओदुई म्हणजे उखळात कांडणं. डावा तळहात पोटासमोर उखळासारखा धरायचा, उजवी मूठ मुसळासारखी त्यात उतरते आणि त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आदळतो. पहिल्या दिवशी मला यात बघण्यासारखं काहीच वाटलं नाही. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की शिफूंची मूठ खांद्याच्या जोरावर येतच नाही. आधी जांघ सैल पडते, कंबर वळते, वजन खाली उतरतं आणि मूठ सगळ्यांत शेवटी पोचते. माझ्या जांघेच्या सांध्यावर दोन बोटं टेकवून ते एकच शब्द म्हणायचे, 'सोंग'. म्हणजे सैल सोड. हे सौंदर्य बघणाऱ्यासाठी घडवलेलंच नाही, म्हणून ते दिसायला जवळ उभं राहावं लागतं, आणि थोडंफार स्वतः करावंही लागतं.

स्पर्धेतल्या वूशूचं नेमकं उलटं आहे. 1950 च्या दशकात चीनच्या क्रीडा आयोगाने जुन्या घराण्यांमधून वेचून हालचालींचे ठरावीक संच बांधले, म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने गुण देता यावेत. खेळाडू 14 बाय 8 मीटरच्या गालिच्यावर उतरतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल अशी प्रत्येक रेषा लांबवतो. पण त्याला नुसतं जिम्नॅस्टिक्स म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चांगछुआन, म्हणजे लांब पल्ल्याच्या हालचालींचा वूशू प्रकार, बघताना उडीपेक्षा उडीनंतरचं थांबणं बघा. हवेत गिरकी घेऊन आलेला मुलगा खाली येतो आणि एका क्षणात दगडासारखा स्थिर होतो, मान झटक्यात वळते, नजर रोखलेली. तबलजी समेवर यावा तसं. ली लियानजिए, म्हणजे आपला जेट ली, याच शिस्तीत बीजिंगच्या संघात तयार झाला. शिवाय सांदा, म्हणजे प्रत्यक्ष लढत, हाही आधुनिक वूशूचाच भाग आहे. हांगझोऊच्या आशियाई खेळांत मणिपूरच्या रोशिबिना देवीने रौप्य मिळवलं ते त्यातच.

माझी तक्रार एकाच जागी आहे. आता स्पर्धेतल्या ताईचीतही अवघड उड्यांना वेगळे गुण असतात. ज्या कलेत वजन जमिनीत मुरवायचं, तिथे मधेच हवेत गिरकी घेतली की धागा तुटतो. उडी सुंदर असते, पण ती दुसऱ्याच कलेतली वाटते.

आणि 'पारंपरिक' म्हणजे हजारो वर्षं जसंच्या तसं, असंही समजू नका. चेनजियागौत शिकून यांग लुचानने 19 व्या शतकात ताईची बीजिंगला नेली. आज जगभर बागांतून दिसणारी ती एकसारखी, संथ, मोठ्या आवाक्याची ताईची त्याचा नातू यांग चेंगफू याच्या पद्धतीतून आली. तिचाच 24 हालचालींचा सोपा संच 1956 मध्ये सरकारने बसवला.

व्हिडिओच बघणार असाल तर चेन घराण्याचा 'लाओजिया यीलू', म्हणजे जुन्या पद्धतीचा पहिला संच, आणि स्पर्धेतली ताईची पाठोपाठ लावा. दोन्हींत हातांकडे न बघता कंबर आणि पावलं बघा, शक्यतो आवाज चालू ठेवून. बागेत शिफूंचा पाय आदळायचा तेव्हा तो आवाज मला दहा पावलांवर तळव्यांतून जाणवायचा.